लोण्याचा वास

"ताई, तुम्ही जरा बसा ना," भावजय म्हणाली.

मला कुणी बसा म्हटलं की माझ्या पायांना जास्तच चाळा लागतो. मी काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, भिंतीवरची बिअरची पाटी वाचली, परत आले आणि तीच पाटी पुन्हा वाचली. गव्हाची, कडवट, आंबट, काळी. त्याखाली खडूनं ठसठशीत लिहिलेलं: सोनेरी, शनिवारपासून. काचेपलीकडे सोनेरीची टाकी थंड व्हायला लागली होती. आणि ती थंड करायला मी सांगितलं होतं.

ही जागा माझ्या धाकट्या भावाची. तो हिला ब्रूपब म्हणतो, मी कारखाना म्हणते. पूर्वी इथे गाड्या दुरुस्त व्हायच्या. आता पुढे टेबलं-खुर्च्या, मध्ये काचेची भिंत आणि तिच्यापलीकडे स्टीलच्या उंच टाक्या. गिऱ्हाईक बसल्या जागेवरून जी टाकी बघतं, तिच्यातलीच बिअर त्याच्या पुढ्यात येते. भाऊ दिवसभर रबरी बूट घालून त्या टाक्यांमधून फताक फताक फिरत असतो. मी त्याला ठोंब्या म्हणते. चाळिशी ओलांडली, डोक्यावरचे केस उडाले, हाताखाली माणसं आली, तरी माझ्यासाठी ठोंब्याच.

मी चहा चाखते. म्हणजे पोटापाण्यासाठी, एका चहाच्या कंपनीत. लांब टेबलावर पांढऱ्या वाट्या मांडलेल्या असतात. मी एका टोकाकडून सुरुवात करते, चमचाभर चहा फुर्रकन ओढते, तोंडात घोळवते, थुंकते, एक शब्द बोलते आणि पुढे सरकते. "करकरीत." "बोथट." "धुरकट." त्या एका शब्दावर गोदामातला माल इकडचा तिकडे होतो. लोक म्हणायचे, ही बाई नाकानं कांदे सोलते. सोलत होते! नाक होतंच तसं.

होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला मला ताप आला, अंथरुणाला खिळले, आणि उठले तेव्हा नाकातला वास गेलेला. नाक जागेवर आहे, श्वास येतो-जातो, पण साबण नाही, फिनेल नाही, करपलेलं दूध नाही. काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित. त्या 'कदाचित'वर मी पुढचे दिवस रेटत होते आणि एकाही जिवंत माणसाला हे सांगितलं नव्हतं. कंपनीत मी दुसऱ्या चाखणाऱ्याच्या मागोमाग चालायची. तो बडबड्या आहे, हे माझं नशीब. घोट घेतला रे घेतला की मत सांगून मोकळा. मी त्याच्या मागून जरा तोंड वाकडं करून म्हणायची, "हं. स्वच्छ आहे." कुणाला शंका आली नाही. उलट, बाई हल्ली मवाळ झाल्या, असं कौतुक सुरू झालं.

आणि ठोंब्याला सांगणं तर शक्यच नव्हतं, कारण त्याचा सगळा डोलारा माझ्या नाकावर उभा होता.

त्याचं असं आहे. बिअर आंबवणारं यीस्ट काम करतं तेव्हा त्या कामात लोण्यासारखा एक वास सुटतो. घाबरायचं कारण नसतं. टाकी आणखी काही दिवस कोमट ठेवली की यीस्ट आपणच तो वास खाऊन टाकतं. मग टाकी थंड करायची. पण घाई करून आधीच थंड केली, तर यीस्ट झोपी जातं, तळाला बसतं आणि लोणी बिअरमध्ये मुक्कामाला राहतं. आता गंमत बघा, ठोंब्याला हा एकच वास येत नाही. जन्मापासून. बाकी सगळे येतात, अगदी शेजारच्या गल्लीत कुणी रंगकाम काढलं तरी हा शिंकतो. आई लोण्यात पाव भाजायची, घरभर घमघमाट सुटायचा, आम्ही स्वयंपाकघराकडे धावायचो आणि हा जागेवरून विचारायचा, "कसला वास?" बिअर बनवणाऱ्यालाच हा वास कळत नाही हे बाहेर फुटलं असतं, तर धंद्यातले लोक पोट धरून हसले असते. म्हणून ते फक्त आम्हा दोघांत. त्याच्या बायकोलासुद्धा माहीत नाही.

मी तापानं पडले होते तेव्हा नेमकी सोनेरी बिअर तयार व्हायला आली. आजारी बहिणीला कशाला त्रास, म्हणून ठोंब्यानं आपल्याच अंदाजानं टाकी थंड केली. लोकांनी भरलेले ग्लास टेबलावर तसेच सोडले. भागीदार पेटला. भागीदार म्हणजे या इमारतीचा मालक, कापडाचा मोठा व्यापारी. त्यानं ठोंब्याला समोर उभं करून सांगितलं, "यापुढे तुमच्या बहिणीनं हो म्हटल्याशिवाय एक थेंब बाहेर जाणार नाही. आणि पुन्हा असं झालं, तर या टाक्या भंगारात. बाटल्या आणू आणि विकू." शनिवारी त्यानं आपले सगळे व्यापारी दोस्त सोनेरी प्यायला बोलावले होते. आणि हाच भागीदार आमच्या कंपनीच्या साहेबांचा शेजारी. दोघं रोज सकाळी बरोबर फिरायला जातात. इथे कुणी खोकलं तर तिथे औषध निघतं.

तर त्या दिवशी दुपारी ठोंब्यानं मला बोलावलं आणि नेहमीसारखे दोन झाकलेले ग्लास पुढे केले. दोन्हींत टाकीतलीच बिअर, पण एक ग्लास गरम पाण्यात ठेवून, तापवून, परत निववलेला. लोणी कुठे दडून बसलं असेल तर तापवल्यावर ते बाहेर येतं. झाकण उचलायचं, हुंगायचं, सांगायचं. एवढंच काम.

मी झाकण उचललं. हुंगलं. हवा आत गेली, हवा बाहेर आली. दुसरं उचललं. तेच. ठोंब्या माझ्या तोंडाकडे बघत होता. लहानपणी शाळेचा निकाल हातात देऊन बघायचा ना, तसा. 'राहू दे अजून थोडे दिवस' म्हणायला माझ्या बापाचं काय जात होतं? शनिवार चुकला असता, भागीदार ओरडला असता, पण बिअर तरी वाचली असती. मी एवढा विचारच केला नाही. तोंडाला सवय लागली होती.

"स्वच्छ आहे," मी म्हणाले.

त्यानं तिथल्या तिथे बूट आपटत नाच केला आणि टाकीच्या थंडाव्याचं बटण दाबलं. मग मला पुढे आणून बसवलं, बायकोला म्हणाला, "ताईला सगळ्या चाखायला दे, आज तिचा दिवस आहे," आणि पिंपं धुवायला मागे पळाला.

आता भावजयीनं माझ्या पुढ्यात लाकडाची फळी ठेवली. फळीला चार खाचा, खाचांत चार छोटे ग्लास. ही तिची पद्धत: नवीन माणसानं आधी सगळ्यांचे घोट घ्यायचे, मग आवडेल ती मोठ्या ग्लासात मागायची. मी शेवटी बसले. उजवा पाय टेबलाखाली हलतच होता, फळीवरचे ग्लास किणकिणत होते.

गव्हाची घेतली. गढूळ, फिकी. सवयीनं फुर्रकन ओढली, आणि पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी मान वळवून पाहिलं. जिभेला कळलं ते एवढंच: गोडसर, मऊ, बुडबुडे बारीक. नाक असतं तर पिकलेलं केळं सापडलं असतं; गव्हाच्या बिअरमध्ये ते असतं, ठोंब्याला त्याचा मोठा अभिमान. कडवट घेतली, ती जिभेच्या मागच्या बाजूला जाऊन बसली आणि उठेचना. तिच्यात संत्र्याची साल असते म्हणे. असेल. आंबटनं दोन्ही गाल आत ओढले. काळी जड होती, जळकट कडू, घशाखाली उतरताना खरखरली. चारही बिअर मला कळल्या, पण भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या बोलण्यासारख्या. आवाज येतो, शब्द येत नाहीत.

"कशा आहेत?" भावजयीनं विचारलं.

"छान आहेत गं."

"कुठली जास्त आवडली?"

"सगळ्याच." मी उठले. "तू एक काम कर. मागच्या मोरीपाशी दोन झाकलेले ग्लास असतील, त्यातला एक हुंगून सांग मला, कसला वास येतो."

"मी?" ती हसायला लागली. "ताई, मला सगळ्याच बिअरला ओल्या पोत्याचा वास येतो. लग्नाच्या आधीपासून. त्यांना सांगू नका हं."

धन्य ते कुटुंब. नवऱ्याची अडचण बायकोला माहीत नाही, बायकोची नवऱ्याला नाही, आणि बहिणीची कुणालाच नाही.

मी स्वतः मागे जाऊन तो तापवलेला ग्लास घेऊन आले. ठोंब्या पिंपात डोकं घालून गात होता, त्याला कळलं नाही. येताना टाकीला हात लावून पाहिला. अजून कोमट होती, पण खालच्या अंगाला पत्रा गार पडायला लागला होता. एवढी मोठी टाकी काही लगेच थंड होत नाही, रात्र जाते. आत्ता बटण बंद केलं असतं तर काहीच बिघडणार नव्हतं. पण बंद कुठल्या तोंडानं करायला सांगू? आणि कदाचित बिअर खरंच स्वच्छ असेल! मग उगाच कशाला? मी असं दहा वेळा स्वतःला समजावलं आणि दर वेळी पहिल्यापेक्षा जास्त घाबरले.

खिडकीपाशी एक आजोबा एकटेच बसून काळी पीत होते. सरळ त्यांच्यापुढे ग्लास धरला. "जरा वास घेऊन सांगता का, कसला येतोय?"

त्यांनी चष्मा वर केला, मनापासून हुंगलं, डोळे मिटले, विचार केला. "बिअरसारखा येतोय," ते म्हणाले.

मला त्यांच्या डोक्यावर ग्लास उपडा करावासा वाटला. आभार मानून वळले, तोच शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "मी बघू का?"

तिशीतली बाई. समोर संपलेली फळी, बाजूला खारे दाणे. ती कुणाची तरी वाट बघत होती आणि कंटाळली होती, हे स्पष्ट दिसत होतं. "मी पार्लरमध्ये केस कापते," तिनं न विचारता सांगितलं. "दिवसभर वासातच असते. तुमचे केस कोण कापतं?"

"मीच कापते."

"वाटलंच," ती म्हणाली आणि ग्लास घेतला.

एरवी मी तिला सुनावलं असतं. पण तिनं झाकण उचललं, नाक आत घातलं, आणि तिचा चेहरा उजळला. "अय्या! थिएटर!"

"काय?"

"सिनेमाचं थिएटर. मध्यंतर झाल्यावर दार उघडून बाहेर येतो ना आपण, तो वास. पॉपकॉर्न. लोण्यातले." तिनं पुन्हा हुंगलं. "मस्त आहे की! ही बिअर कुठली? मागवू का?"

मी ग्लास तिच्या हातातून ओढून घेतला, म्हटलं, "नका मागवू," आणि काचेच्या दाराकडे निघाले. दार ढकलताना माझ्या डोक्यात काय शिजत होतं तेही सांगते, उगाच साजूक बनत नाही. मी ठरवलं होतं की म्हणायचं, अरे ठोंब्या, ग्लास निवल्यावर आत्ता परत घेतला वास, आणि आता मला जरासं लोणी लागलं. एवढं म्हटलं की काम झालं. टाकी वाचते, शनिवार पुढे जातो, नाक शाबूत राहतं. खोटं बोलायचं आणि सुटायचं. हल्ली मला ते बरं जमत होतं.

पण आत ठोंब्या एकटा नव्हता. भागीदार मागच्या दारानं आला होता. इस्त्रीचा सदरा, बुटांना पाणी लागू नये म्हणून टाचा उचलून उभा. ठोंब्या टाकीवर थाप मारत त्याला सांगत होता, "ताईनं पास केली, दुपारीच. एका झटक्यात."

"ही काय आल्याच," भागीदार म्हणाला. "या, या. तुमच्यामुळे आम्ही निर्धास्त."

"थंडावा बंद कर," मी ठोंब्याला म्हणाले.

"काय?"

"बंद कर आधी. लोणी आहे."

ठोंब्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. कारण विचारलं नाही. मोटरची घरघर थांबली, आणि त्या खोलीत एवढी शांतता असते हे मला पहिल्यांदाच कळलं.

भागीदाराच्या टाचा खाली आल्या. "म्हणजे? दुपारी पास आणि संध्याकाळी नापास?"

मी तोंड उघडलं. निवल्यावर वास आला, वगैरे, सगळं तयार होतं. पण माझ्या आधी ठोंब्याच बोलला.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "मी ताईला दुसऱ्याच टाकीतली दिली असणार. ग्लास भरताना गोंधळ झाला. ताईचा काही दोष नाही."

तो इतक्या सहज बोलला की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. त्याला काहीही माहीत नव्हतं. फक्त माझं तोंड पाहिलं होतं, आणि ते पाहून, काय झालंय ते न कळता, तो माझ्या आणि भागीदाराच्या मध्ये येऊन उभा राहिला होता. मला त्याचा राग आला. इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. कुणी सांगितलं होतं तुला?

"म्हणजे पुन्हा तुम्हीच," भागीदार शांतपणे म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी तेव्हाच सांगितलं होतं. शनिवारचे पाहुणे मी आता रद्द करतो, तो माझा अपमान मी गिळेन. पण या टाक्यांचं काय ते आपण सोमवारी बोलू."

"बोलू," ठोंब्या म्हणाला. त्याच्या हातात अजून धुण्याचा ब्रश होता, आणि त्या ब्रशातून त्याच्या बुटावर पाणी गळत होतं.

मी गप्प राहिले असते तर विषय तिथेच संपला असता. माझं नाक शाबूत, माझी नोकरी शाबूत, आणि भावाच्या टाक्या भंगारात. भागीदार वळला, दारापर्यंत गेला, दाराला हात लावला.

"त्यानं बरोबर टाकीतली दिली होती," मी म्हणाले. "मी खोटं सांगितलं."

भागीदार थांबला.

"मला वास येत नाही. कसलाच. तापानंतर गेलाय. दुपारी मी दोन्ही ग्लास हुंगले, मला काही कळलं नाही, आणि मी स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. आत्ता बाहेर एका केस कापणाऱ्या बाईला वास घ्यायला दिला, तेव्हा समजलं. बिअर चांगली आहे. थोडे दिवस कोमट ठेवली की होईल. घाई माझ्यामुळे झाली, त्याच्यामुळे नाही."

एवढं बोलायला मला फार वेळ लागला नाही. इतके दिवस जे तोंडात धरून फिरत होते, ते चहाच्या घोटासारखं थुंकून टाकलं आणि संपलं. भागीदार माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला आठवलं मी काय काम करते.

"पण मग... तिकडे चहा?"

"तिकडेही तेच."

"साहेबांना माहीत आहे?"

"नाही."

"ताई, पुरे," ठोंब्या म्हणाला.

"सांगू दे मला."

"नाही, आता मी सांगतो." त्यानं ब्रश बादलीत टाकला. "मलाही लोण्याचा वास येत नाही. जन्मापासून. मागची सोनेरी त्यामुळे बिघडली, निष्काळजीपणामुळे नाही. मला कळतच नाही तो. म्हणून तर दर वेळी ताईला बोलावतो."

भागीदारानं एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. पाणी साचलंय हे विसरून तो तसाच त्यात उभा होता. "म्हणजे दोघांत मिळून एक नाक होतं," तो म्हणाला, "आणि तेही गेलं."

खरंच होतं ते.

त्यानं माझ्या हातातला ग्लास मागून घेतला, झाकण काढून हुंगलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या. त्याला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यानं सांगितलं नाही. ग्लास मोरीच्या कठड्यावर ठेवला. "शनिवार पुढे ढकलतो," तो म्हणाला. "रद्द नाही, पुढे. तेवढ्यात वास घेणारं कुणीतरी शोधा. कुणी मिळालं नाही, तर मग मी म्हणतो तसं." मग माझ्याकडे वळला. "सकाळी साहेब भेटतील मला. तुम्ही सांगता, की मी सांगू?"

"मी सांगते. आज. आत्ता फोन करते."

"करा," तो म्हणाला आणि ओले बूट घेऊन गेला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या जागी मी असते तर जास्त बोलले असते.

फोन मी तिथेच उभी राहून केला. साहेबांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, उद्या चाखायच्या खोलीत जाऊ नका, आधी मला येऊन भेटा. 'भेटा' म्हणाले, 'येऊच नका' म्हणाले नाहीत. पण त्यांचा आवाज मला कळतो. ती खोली गेली.

फोन ठेवला तर ठोंब्या उलट्या बादलीवर बसला होता. मला वाटलं धीर देईल. कसला देतोय! तो भडकलेला होता. कान लालबुंद.

"किती दिवस झाले?"

"तापापासून."

"म्हणजे दोन महिने. दोन महिने तू मला सांगितलं नाहीस."

"तुझ्या टाक्यांचं..."

"खड्ड्यात गेल्या टाक्या!" तो ओरडला. काचेपलीकडे भावजयीनं मान वर केली. "माझं नाक अर्धं आहे हे आख्ख्या जगात तुला एकटीला ठाऊक होतं. मी बायकोला नाही सांगितलं. तुला सांगितलं. आणि तुझं पूर्ण गेलं तर तू मला सांगू शकत नाहीस? मी काय दात काढले असते? तू रोज तिकडे जाऊन कशी उभी राहायचीस गं?"

मी एरवी अशा वेळी चार शब्द जास्तीचे परत देते. त्यानं नोकरीबद्दल विचारलं असतं, खोटं का बोललीस म्हणून विचारलं असतं, तर मी भांडले असते. 'कशी उभी राहायचीस' हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

"कशी लागते आता?" त्यानं जरा वेळानं हळू विचारलं. "बिअर. चहा. सगळं."

"चहा गरम पाणी लागतो," मी म्हणाले. "दोन महिने मी गरम पाणी थुंकतेय. घरी जाते तर घर माझं वाटत नाही. अंघोळ केली तरी केल्यासारखं वाटत नाही. कपाट उघडते, आईची शाल नाकाला लावते, आणि नुसती लोकर टोचते." मग मला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं, लहान पोरासारखं. मला त्याची लाज वाटली नाही, आणि याचंच मला नवल वाटलं.

ठोंब्या उठला. आमच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नाही, त्यामुळे त्याला ते नीट जमलं नाही. एक हात माझ्या पाठीवर, दुसरा कुठे ठेवावा ते न कळून हवेतच. ओल्या रबरी एप्रनसकट त्यानं मला जवळ घेतलं. दिवसभर धान्य, यीस्ट, घाम, साबण यांत बुडालेला माणूस. एरवी हा खोलीत आला की मला न बघता कळायचं. मी सवयीनं डोळे मिटले, त्याच्या खांद्यात नाक खुपसलं आणि श्वास घेतला. तिथे कुणीच नव्हतं.

मी दचकून डोळे उघडले. तो होता. त्याचा लाल कान होता, कानामागे धान्याचा एक ओला कण चिकटलेला होता. मग मी डोळे मिटलेच नाहीत. तो मला सोडेपर्यंत त्या कानाकडे बघत राहिले.